अर्धवेळ कामाचा पूर्णवेळ सल्लागार

माणूस बँकेत नोकरीला असला की त्याला पैशातलं कळतं, असा एक गैरसमज आपल्या समाजात खोलवर रुजलेला आहे. तो कोणी पसरवला हे सांगता येणार नाही. पण बँकेतल्या लोकांनी तो कधी खोडून काढला नाही, एवढं खरं. वास्तविक मी गेली २२ वर्षं दुसऱ्यांच्या नोटा मोजतो आहे. हलवाई रोज मणभर पेढे तोलतो, म्हणून त्याला कोणी मधुमेहाचा तज्ज्ञ समजत नाही. पण आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी मला गेल्या एप्रिलमध्ये लिफ्टमध्ये गाठलं आणि तज्ज्ञ करून टाकलं.

लिफ्टमध्ये गाठणं ही सेक्रेटरींची जुनी युक्ती. तिथे माणसाला पळता येत नाही.

"रविवारी संध्याकाळी पोरांशी दोन शब्द बोला," ते म्हणाले. "सात-आठ घरांत दहावीची परीक्षा झालेली पोरं आहेत. आता अकरावी सुरू होईपर्यंत नुसती मोबाईल चोळत बसणार. त्यांना जरा पार्ट टाइम जॉबबद्दल सांगा. कोणाला कुठला सूट होईल, वगैरे."

"पण मला त्यातलं काय..."

"तुम्ही कॉमर्सचे ना?"

मी कॉमर्सचा, हे खरं. सायन्सला मार्क पुरले नाहीत आणि आर्ट्सला वडिलांचं मन पुरलं नाही, म्हणून मी कॉमर्सचा. पण तेवढ्यात चौथा मजला आला, सेक्रेटरी बाहेर पडले, आणि दार बंद होता होता म्हणाले, "बोर्डावर लिहून टाकतो."

दहावीची परीक्षा संपलेला मुलगा घरात असणं म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी आहे त्यांनाच कळेल. आमचे चिरंजीव सकाळी ११ ला उठायचे, फ्रिजचं दार उघडून पाच मिनिटं आत बघत उभे राहायचे आणि काहीही न घेता ते बंद करायचे. फ्रिजमध्ये काय आहे हे त्यांना पाठ होतं. तरी दर तासाला जाऊन ते खात्री करून घेत. तेव्हा या भाषणाचा उपयोग झाला तर आधी आपल्याच घरात होईल, अशा विचाराने मी तयारीला बसलो. हा विचार किती महागात पडणार आहे, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

कॉमर्सचा माणूस तयारीला बसला की आधी कायदा बघतो. मी फुलस्केप घेतला आणि बालकामगारांच्या १९८६ च्या कायद्याचं २०१६ च्या दुरुस्तीनंतरचं सार त्यावर उतरवलं. चौदाच्या आतल्या मुलाला कुठेच कामावर ठेवायचं नाही. शाळा सांभाळून घरच्या धंद्यात हातभार लावणं किंवा पडद्यावर काम करणं, एवढीच सूट. चौदा ते अठराच्या मुलांना खाणी, स्फोटक पदार्थ, घातक कारखाने बंद. बाकी कामं चालतील, पण सलग तीन तासांवर नाही. मग तासभर विश्रांती. आणि विश्रांती धरून दिवसाचे सहा तास. संध्याकाळी सातनंतर आणि सकाळी आठच्या आत काम नाही. जादा काम नाही. आठवड्याची सुट्टी सक्तीची. मी हे लिहून काढलं, दोनदा वाचलं आणि आमच्या बँकेच्या मार्चअखेरीची आठवण होऊन डोळे भरून आले. माझं वय वाढायला नको होतं.

कायद्यानंतर थोर पुरुष. या विषयावर भाषण करायचं म्हणजे अब्दुल कलाम यायलाच हवेत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रामेश्वरमला गाडी थांबेनाशी झाली, तेव्हा वर्तमानपत्रांचे गठ्ठे चालत्या गाडीतून खाली टाकत आणि लहानगा कलाम ते गोळा करून गावात वाटत असे. ही गोष्ट भारतातल्या प्रत्येक बापाला पाठ आहे. ती सांगताना बापाच्या चेहऱ्यावर असा भाव असतो, की गाडीतून गठ्ठे आपणच टाकत होतो.

दुसरे थोर पुरुष आमच्या घरातलेच म्हणायला हवेत. म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील. आमचे अण्णा साताऱ्याच्या वसतिगृहात राहून शिकले. कर्मवीरांनी १९१९ साली काल्याला रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं, पोरांना खायला घालण्यासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रसुद्धा काढून दिलं, हे मी अण्णांकडून इतक्या वेळा ऐकलेलं आहे, की झोपेतून उठवलं तरी सनावळीसकट सांगेन. कमवा आणि शिका. स्वावलंबन. अण्णांनी शेतात पाणी धरलं, खडी फोडली, भाजी खुरपली आणि मॅट्रिक झाले. आता कर्मवीर १९५९ साली गेले आणि अण्णा साताऱ्यात पोचले १९६१ साली. पण अण्णांच्या बोलण्यात कर्मवीर रोज पहाटे त्यांना उठवायला येतात. आम्ही त्यात दुरुस्ती करत नाही. ७७ वर्षांच्या माणसाला कोणी उठवायला येत असेल तर येऊ द्यावं.

तिसरं उदाहरण मी स्वतःचं लिहिलं.

१९९५ साली माझी दहावी झाली तेव्हा आम्ही कराडला होतो. अण्णा हायस्कुलात मास्तर होते. एसटी स्टँडजवळ एक एसटीडी बूथ होता. हल्लीच्या मुलांना एसटीडी म्हणजे काय हे समजावून सांगायला एक वेगळं भाषण लागेल. काचेची एक खोली, तिच्यात फोन, बाहेर लाल आकडे पळवणारा मीटर, आणि स्टुलावर मी. बोलणं संपलं की मशीनमधून पावती निघायची. ती फाडून द्यायची आणि पैसे घ्यायचे. पगार महिना २०० रुपये. पुढे मी ज्या कामावर आयुष्य काढणार होतो, त्याचं सगळं शिक्षण मला त्या स्टुलावर मिळालं, बी.कॉम. हा केवळ उपचार.

दर गुरुवारी तिथे एक आजी येत. मुलगा मुंबईला. काचेत शिरल्या की नजर सारखी बाहेरच्या मीटरवर. "जेवलास का?" असं विचारायच्या, आकडा पुढे सरकला की घाबरून फोन ठेवायच्या. मग मी एक केलं. त्या आल्या की मीटरसमोर माझी वही उभी करून ठेवायची, म्हणजे आकडे दिसायचे नाहीत. त्या दिवशी त्या दोन मिनिटं बोलल्या. पैसे पुरेपूर घ्यायचो. फक्त धास्ती घ्यायचो नाही. एकदा मी दोन दिवस आजारी होतो, तर मालक म्हणाला, "ती म्हातारी गुरुवारी आली होती. वहीवालं पोरगं नाही म्हणून परत गेली." आईवडिलांखेरीज जगात कोणी आपली वाट बघतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. पगार हातात पडला त्या दिवशीसुद्धा एवढं उंच वाटलं नव्हतं.

या कहाणीचा शेवट मात्र मी फुलस्केपवर लिहिला नाही. मी कॅरम खेळायला जातो, अशी घरी समजूत होती. एक दिवस अण्णाच पुण्याच्या आत्याला फोन करायला बूथवर आले. मला बघितलं. काही बोलले नाहीत. काचेत गेले, आत्याशी बोलले, बाहेर आले. मी पावती फाडून दिली. त्यांनी पैसे दिले, सुटे परत घेतले, मोजले. आणि मग म्हणाले, "घरी चल."

साताऱ्यात खडी फोडलेल्या माझ्या वडिलांनी त्या रात्री मला एकच वाक्य ऐकवलं. "लोक म्हणतील, मास्तरांचा पगार पुरत नाही."

स्टूल सुटलं. आजींना मी सांगूनही आलो नाही.

रविवारी सोसायटीच्या ऑफिसात मुलं सात आली आणि पालक एकोणीस. बहुतेक मुलांनी आईवडिलांना आणलं होतं की आईवडिलांनी मुलांना, हे कळायला मार्ग नव्हता; कारण मुलं शेवटच्या रांगेत बसली आणि प्रश्न सगळे पहिल्या रांगेतून आले. अण्णा कोपऱ्यात खुर्ची टाकून बसले होते.

मी कायदा सांगितला, कलाम सांगितले, कर्मवीर सांगितले. माना डोलल्या. श्रमाची लाज बाळगू नये, या वाक्याला तर टाळ्या पडल्या. मध्यमवर्गीय माणसाचं श्रमावर मनापासून प्रेम असतं. घरातल्या तांब्याच्या घंगाळावर असतं, तसं. ते घासूनपुसून दिवाणखान्यात ठेवायचं, पाहुण्यांना दाखवायचं, आजोबांचं आहे म्हणून सांगायचं. त्यात पाणी तापवून अंघोळ करा म्हटलं, तर लोक वेड्यात काढतील.

टाळ्या संपल्यावर आम्ही कामांकडे वळलो.

"सकाळी पेपर टाकणं," मी म्हणालो.

"पहाटे पाचला? पोरगं झोपेत जिन्यावरून पडेल," एक आई म्हणाली. शिवाय सकाळी आठच्या आत काम नाही, हे मीच वाचून दाखवलेलं. कायद्याने कलामांनाच बाद केलं होतं.

"किराणा दुकानात मदत?"

"ओळखीचे लोक येतात हो तिथे."

अनोळखी गिऱ्हाइकांचं किराणा दुकान मला सुचेना. मी पुढे गेलो. "मोटरसायकलवरून सामान पोचवणं" असं एक वडील स्वतःच म्हणाले, तेव्हा मला पुन्हा फुलस्केप काढावा लागला. सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं ते बिनगिअरच्या, ५० सीसीपर्यंतच्या गाडीचं. त्यापुढची गाडी अठराच्या आत रस्त्यावर दिसली, तर २०१९ च्या दुरुस्तीपासून दंड २५,००० रुपये आणि तीन वर्षांपर्यंत कैद, आणि तीही पोराला नव्हे, पालकाला. वडील खाली बसले.

धाकट्या मुलांच्या शिकवण्या निघाल्या. "त्याचंच गणित कच्चं आहे," असं एका आईने सर्वांदेखत सांगितलं आणि शेवटच्या रांगेतलं एक डोकं आणखी खाली गेलं. रसवंतीगृह निघालं, तिथे चिकट होतं. झेरॉक्सचं दुकान निघालं. तिथे उभं राहावं लागतं. अर्ध्या तासात पालकांच्या अटी अशा ठरल्या: काम बसून करायचं असावं, शक्यतो घरी. उन्हात नको. ओळखीचं कोणी बघणार नाही असं हवं. अंगमेहनत नको. पगार बरा हवा. आणि शेवटी सर्टिफिकेट मिळालं तर उत्तम.

"असा जॉब आहे ना काका," शेवटच्या रांगेतून आवाज आला. दुसऱ्या मजल्यावरचा बंड्या उभा राहिला. "मला मिळालाय."

सगळी सभा वळली. बंड्याने सांगितलं, की मोबाईलवर एक ग्रुप आहे. काम घरबसल्या. आपल्या बँक खात्यात कंपनीचे पैसे येतात, ते कंपनी सांगेल त्या दुसऱ्या खात्यांत पाठवायचे. दर पाठवणीमागे ३०० रुपये आपले. कार्डाचा फोटो आणि खात्याची माहिती दिली की जॉइनिंग. महिनाअखेर सर्टिफिकेट.

सभेत कौतुकाची लाट आली. अटींच्या यादीवर खाली खाली टिकमार्क पडत गेला. "बघा, शोधलं की सापडतं," एक आजोबा म्हणाले. बंड्याच्या वडिलांनी कोणी न विचारता सांगितलं, की तो लहानपणापासूनच कॉम्प्युटरमध्ये पुढे. सेक्रेटरींनी ग्रुपचं नाव वहीत लिहून घेतलं. कोणाकोणाची पोरं त्यात घालता येतील, याची चर्चा सुरू झाली.

माझ्या हातापायांतलं मात्र बळ गेलं होतं. २२ वर्षांत एवढीच एक गोष्ट मी खरोखर शिकलो आहे.

"बंड्या," मी विचारलं, "किती वेळा पाठवलेस?"

"अजून नाही. उद्यापासून सुरू. फक्त कार्डाचा फोटो पाठवायचाय आज रात्री."

मी खुर्ची ओढून बसलो आणि बँकेत शिकलेलं सगळं सांगून टाकलं. कोणा म्हाताऱ्याला फसवून काढलेला पैसा असतो. तो चोराच्या खात्यात थेट गेला तर चोर सापडेल. म्हणून मध्ये चार पोरांची खाती लागतात. पोलीस पैशाचा माग काढत येतात तेव्हा त्यांना चोर सापडत नाही, पोरगं सापडतं. ३०० रुपये घेतलेले असतात आणि खात्यावर सही त्याची असते. खातं गोठतं, जबाब होतात, बापाची रजा संपते. असा एक कॉलेजातला मुलगा आईबरोबर माझ्या काउंटरसमोर उभा राहिलेला मी बघितला आहे. आई एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "अहो, तो घराबाहेरसुद्धा पडत नाही." इंग्रजीत अशा खात्याला म्यूल म्हणतात. म्यूल म्हणजे खेचर. ओझं दुसऱ्याचं आणि मार आपला.

"ज्या कामात काम नाही," मी म्हणालो, "त्यात पगार कशाचा देतात, एवढं आधी विचारायचं. आणि जो मालक पगार द्यायच्या आधी तुमच्याकडून काहीतरी मागतो, फी म्हणा, कार्ड म्हणा, ओटीपी म्हणा, तो मालक नव्हे."

ऑफिसातल्या पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. बंड्याचा चेहरा पांढरा पडला होता. त्याच्या आईने त्याच्या हातातून मोबाईल घेतला. रागावून नव्हे, गरम भांडं घ्यावं तसा. सेक्रेटरींनी वहीतलं नाव खोडलं.

त्या शांततेत आमचे चिरंजीव उठले. परीक्षेनंतर ते आपण होऊन उठल्याची ही पहिलीच वेळ.

"बाबा, मग मी पोळीभाजी केंद्रवाल्या काकूंकडे जाऊ? पुढच्या गल्लीतल्या. त्यांना दुपारचे डबे पोचवायला कोणीतरी हवंय. चालत. डब्यामागे १० रुपये."

काम उभ्याने, उन्हात, अंगमेहनतीचं. सर्टिफिकेट नाही. आणि प्रत्येक दार ओळखीचं. एकोणीस पालक माझ्याकडे बघत होते. थोड्या वेळापूर्वी श्रमाच्या लाजेवर टाळ्या घेतलेला माणूस मीच.

"घरी बोलू," मी म्हणालो.

घरी बोललो. म्हणजे ही बोलली. "अहो, तुमच्याच बँकेचे दोघं त्या बिल्डिंगमध्ये राहतात. त्यांच्या दारात आपला मुलगा डबा घेऊन उभा? काय म्हणतील?" मला सात्त्विक संताप यायला हवा होता. तो आला नाही, कारण माझ्या मनातही तेच होतं, फक्त माझ्या तोंडून निघालं ते असं: "ऊन फार आहे. अकरावीचा फाउंडेशनचा क्लास लावला असता. एवढी गरज काय आहे?" भाषा सुधारलेली, पण वाक्य जुनंच. कुठे ऐकलं होतं ते आठवत असताना कोपऱ्यातून अण्णा खाकरले.

"कराडला मी तुला त्या स्टुलावरून उठवला," ते म्हणाले. "आठवतं?"

तीस वर्षांत हा विषय आमच्यात निघाला नव्हता. मी मान हलवली.

"खडी फोडली तेव्हा लाज नाही वाटली. तुला पावती फाडताना बघितलं आणि वाटली. का, ते मला अजून कळलेलं नाही. पण चूक होती." थोडं थांबून म्हणाले, "ती चूक मी करून ठेवलेली आहे. तुला करायचीच असेल तर निदान नवीन कर."

आपले कष्ट सांगायला गोड आणि पोराचे बघायला कडू, हा बहुधा सगळ्या बापांचा आजार असावा. माझ्या घरात तो आनुवंशिक निघाला. दुसऱ्या दिवशी मी काकूंना भेटून आलो. वेळ साडेअकरा ते दीड. डबे १४. रविवार बंद. पैसे दर शनिवारी हातात. काकूंनी माझ्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं पोळ्या लाटता लाटता दिली आणि शेवटी मलाच विचारलं, "मुलगा वेळेवर येईल ना? माझी माणसं जेवायची थांबतात."

हा प्रश्न सभेत कोणीच विचारला नव्हता. मुलाला काम शोभेल का, यावर दीड तास गेला होता. मुलगा कामाला शोभेल का, हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

पहिल्या आठवड्यात त्याने दोन डबे उलटे दिले. मधुमेहवाल्या आजोबांना आमरस गेला आणि त्यांच्या शेजारच्या तरुणाला बिनसाखरेचं, बिनतेलाचं काहीतरी. तरुणाने तक्रार केली. आजोबांनी केली नाही. दुसऱ्या आठवड्यात तो रात्री दहाला झोपायला लागला. तिसऱ्या आठवड्यात जेवताना आईला म्हणाला, "आज आमटीला फोडणी कमी आहे." त्याबद्दल काय झालं ते इथे लिहीत नाही.

मग मे महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी त्याला ताप भरला. दुसरा शनिवार म्हणजे बँक बंद. मी पेपर वाचत होतो. साडेअकराला तो अंथरुणातून उठून चपला शोधायला लागला.

"झोप. मी काकूंना फोन करतो."

"फोन करून काय? १४ माणसं आहेत बाबा."

शेवटी मी गेलो. डोक्यावर टोपी, दोन्ही हातांत पिशव्या, खिशात त्याच्या अक्षरातली यादी. यादीत नावांपुढे शेरे होते: "बेल वाजवू नका, बाळ झोपतं." "दोनदा वाजवा, कमी ऐकू येतं." "कुत्रा चावत नाही, पण पळू नका." बँकेत २२ वर्षं मी रोज शंभर माणसं बघतो. एकाविषयी तरी मला एवढं माहीत आहे का, हे मी जिना चढताना आठवून बघितलं.

पहिल्या दारात बाई म्हणाल्या, "तो नाही आला आज?" दुसऱ्या दारात तेच. तिसऱ्या दारात मधुमेहवाले आजोबा गॅलरीत उभे होते. म्हणाले, "सव्वाबाराला यायचा तो. आता साडेबारा झाले, म्हणून बघत होतो. बरा आहे ना?" मग माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाले, "तुम्ही त्याचे वडील का? चांगला मुलगा आहे. माझं औषधाचं पाकीट फोडून देतो रोज. मला नखाने जमत नाही."

हे मला ठाऊक नव्हतं. काकूंनाही नव्हतं. यासाठी डब्यामागे १० रुपयांत काही धरलेलं नव्हतं. मी पाकीट फोडून दिलं.

त्या इमारतीत आमच्या बँकेतले दोघं राहतात, हे मला पाचव्या मजल्यावर आठवलं. एकाने दार उघडलं सुद्धा. मला बघून त्याचं तोंड उघडं राहिलं. "तुम्ही?" मी म्हणालो, "आज त्याच्या जागी बदली." आमच्या बँकेत या वाक्यावर पुढे कोणी काही विचारत नाही.

मेअखेर चिरंजीव बँकेत आले. रिझर्व्ह बँकेने दहा वर्षांवरच्या मुलांना स्वतःचं खातं स्वतः उघडून चालवायची मुभा दिलेली आहे. किती रकमेपर्यंत, ते ज्याची त्याची बँक ठरवते. तो माझ्या काउंटरला आला नाही. शेजारच्या रांगेत सातवा उभा राहिला. त्याने आपल्या अक्षरात स्लिप भरली, अक्षरी रक्कम लिहिताना जीभ बाहेर काढली आणि ३,००० रुपये भरले. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याने अज्ञान मुलाचं उत्पन्न बापाच्या किंवा आईच्या उत्पन्नात मिळवायची सोय केली होती. पण त्याने स्वतःच्या हातच्या कामाने किंवा अंगच्या कौशल्याने मिळवलेलं मात्र त्याचं एकट्याचं धरलं होतं. हे कलम मी कॉलेजात पाठ केलं होतं. त्यात एवढा जिव्हाळा आहे, हे शिकवताना कोणी सांगितलं नव्हतं.

बंड्या जूनमध्ये झेरॉक्सच्या दुकानात लागला. उभा राहतो. त्याचे वडील सध्या त्याविषयी कोणी न विचारता काही सांगत नाहीत. पण कागद मात्र आता तिथूनच काढून आणतात.

त्या दुसऱ्या शनिवारचा हिशेब सांगायचा राहिला. रिकाम्या पिशव्या परत करायला गेलो, तर काकूंनी पदराला हात पुसले, डब्यातून नोटा काढल्या आणि माझ्या हातावर १३० रुपये ठेवले.

"१४० होतात," मी सवयीने म्हणालो.

"एक आमटी सांडलीत तुम्ही जिन्यात. फोन आला होता," काकू म्हणाल्या. "तुमचा मुलगा नाही सांडत."

मी नोटा मोजून घेतल्या. १९९५ नंतरची माझी पहिली अर्धवेळ कमाई. घरी येऊन त्या मोठ्या रुबाबात टेबलावर ठेवल्या. अण्णा हसले. चिरंजीव तापातसुद्धा हसले.

हिने मात्र पटकन उठून दार लावून घेतलं.

"कोणाला सांगू नका हं," ती म्हणाली. "लोक म्हणतील, बँकेचा पगार पुरत नाही."